बंदरावर उतरल्यावर हिशेब कोणाचा?

वाटूर फाट्यावरून एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला आणि एक परतूरला. या तिन्ही रस्त्यांवरून आठवडी बाजाराला येणारे गिऱ्हाईक आमच्या दुकानात लट्ठ्याचा भाव विचारते, मीटरमागे दोन रुपये तोडते, तरीही उठून दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन येते आणि मग कापड फाडायला सांगते. आम्हांला त्याचा राग येत नाही. कष्टाचा पैसा असाच जपून खर्च केला पाहिजे. आम्ही तरी वेगळे काय करतो? मुंबईच्या मंगलदास मार्केटात माल भरायला गेलो की ठाणामागे शंभर रुपयांसाठी अर्धा दिवस घासाघीस करतो.

पण हाच व्यापारी प्रवासाला निघाला की त्याला काय होते, हा प्रश्न आज वाचक बंधूंसमोर मांडायचा आहे. दुकानात पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस टूरवाल्यासमोर बसला की तो सांगेल त्या रकमेचा चेक फाडतो. आम्हीही फाडला होता. तेव्हा हा उपदेश नव्हे. हा आमच्याच चुकीचा जमाखर्च आहे.

हकीकत अशी की आम्ही चार दुकानदारांनी तीन वर्षे भिशी लावली होती. हज झाला होता, मुलींची लग्ने उरकली होती, दुकाने मुलांच्या हाती आली होती. भिशीच्या पैशातून चार जोडप्यांनी युरोपच्या जहाजावर आठ दिवस जायचे ठरले. बार्सिलोनाहून चढायचे, मग मार्सेय, जिनोआ, रोमसाठी चिवितावेक्किया, पुढे सिसिली बेटावरचे पालेर्मो आणि एक दिवस समुद्रात काढून परत बार्सिलोना. गावात लोक हसले. "वाटूरच्या कापडवाल्याला जहाजात काय काम?" असे एकाने तोंडावर विचारले. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की 1995 पर्यंत आपले हाजी मुंबईहून जहाजानेच जिद्दाला जात होते. आमचे वालिदही तसेच गेले. जहाज काही फक्त साहेबलोकांसाठी निघालेले नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. जहाजाच्या तिकिटात राहणे आणि खाणे येते. बंदरावर उतरून गाव पाहण्याचा खर्च वेगळा असतो. जहाज सकाळी सात-आठला धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. मधल्या आठ-दहा तासांत तुम्ही काय करायचे, याचा मोठा धंदा आहे. जहाज कंपनी स्वतःच्या सहली विकते. त्या सहलीची बस कंपनीची नसते. ती त्या गावच्या एखाद्या बसवाल्याची असते. कंपनी त्याच्याकडून ठोक भावात जागा घेते, आपला नफा चढवते आणि प्रवाशाला किरकोळ भावात देते. यात फसवणूक काही नाही. आम्हीही भिवंडीचा माल वाटूरला नफा चढवूनच विकतो. प्रश्न फक्त एवढाच की त्या नफ्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळते, हे आपण विचारतो का?

आम्ही विचारले नाही. निघण्याआधीच सगळ्या बंदरांच्या सहली घेऊन टाकण्याचा फॉर्म आमच्यापुढे आला आणि आमचे पेन चालू झाले. पुण्यात नोकरी करणारा आमचा पुतण्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "चाचा, एक मिनिट थांबा. रोमची सहल म्हणजे नुसती बस नेणार आणि आणणार, त्याचे माणशी 70 युरो. आठ माणसांचे 560. आणि त्या बंदरातून रोमला लोकल गाडी जाते, तिचे तिकीट पाच युरोच्या आसपास आहे." आम्ही पेन खाली ठेवले. आठ माणसांचे जाणे-येणे 80 युरोत होत होते. 480 युरोंचा फरक म्हणजे आपले चाळीस हजारांवर रुपये. एवढ्या पैशात एका शिंप्याला दोन चांगली शिलाई यंत्रे येतात.

मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक बंदराचा हिशेब वेगळा मांडला. हा हिशेब वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा, कारण सगळी बंदरे सारखी नसतात. पालेर्मोचा धक्का शहराच्या मध्यातच आहे. जहाजातून उतरा आणि चालायला लागा. जिनोआतही धक्क्यापासून जुने शहर आणि रेल्वे स्टेशन पायी जाण्यासारखे आहे. मार्सेयचा जहाजी धक्का शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर पडतो, तिथे बस लागते. चिवितावेक्किया तर नावालाच रोमचे बंदर आहे, रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे आणि गाडीला तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे कुठे सहल विकत घ्यायची आणि कुठे स्वतः फिरायचे, हे एका अंतरावरूनच निम्मे ठरते.

उरलेले निम्मे वेळेवर ठरते. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सर्वांनी वर यावे लागते. जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिची वाट पाहते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवण्याची जबाबदारी घेते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. त्याने स्वतःच्या खर्चाने पुढचे बंदर गाठायचे. 70 युरोंमध्ये बसच्या भाड्याबरोबर ही हमी विकलेली असते. हमीला किंमत असते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. उधारीचा माल आणि रोखीचा माल एका भावात कोण देतो?

हे आम्हांला माहीत होते, तरी आम्ही रोमला स्वतःहून गेलो. सकाळची गाडी वेळेवर मिळाली. रोम पाहिले, दुपारी तीन वाजता सान पिएत्रो स्टेशनावर आलो तर फलकावर आमच्या दिशेची एकही गाडी नव्हती. संप होता. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर करावा लागतो आणि संपाच्या दिवशीही सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत काही गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणून सकाळी आम्हांला काही कळले नाही. परतीची हमीची गाडी सहानंतर होती आणि आम्हांला साडेपाचला जहाजावर चढायचे होते.

आमचे वडील भाऊ सोबत होते. वय एकसष्ट, गुडघे धरलेले, साखरेचा आजार. त्यांचे रात्रीचे इंजेक्शन जहाजावरच्या खोलीतील फ्रिजमध्ये होते आणि आठही जणांचे पासपोर्ट जहाजाच्या कचेरीत जमा होते. भाऊ काही बोलले नाहीत, फक्त बाकावर बसून घड्याळ पाहू लागले. भाभींनी बॅगेतून बिस्किटे काढून त्यांच्या हातात दिली. त्या दहा मिनिटांत आम्हांला 480 युरोंची बचत फार लहान वाटली. शेवटी दोन टॅक्सी ठरवल्या. दोन्हींचे मिळून 360 युरो झाले. जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. जमाखर्च असा: रेल्वेचे 80 आणि टॅक्सीचे 360, मिळून 440. सहलीचे 560. राहिले 120 युरो, आणि वडील भावाच्या जिवाला लागलेला घोर त्यात धरलेला नाही.

यावरून कोणी म्हणेल की मग सगळीकडे जहाजाचीच सहल घ्यावी. आमचे मत तसे नाही. दोष संपाचा नव्हता, आमचा होता. संप आहे का, हे आदल्या दिवशी विचारायला पाच मिनिटे लागली असती. आणि जिथे अंतर मोठे, सोबत आजारी माणूस, परतीचा मार्ग एकच, तिथे हमी विकत घ्यायला हवी होती. आम्ही हमीची किंमत फक्त पैशात मोजली. पण जी सहल पायी होऊ शकते तिच्यासाठी हमी विकत घेणे म्हणजे रोखीच्या गिऱ्हाइकाकडून जामीन मागण्यासारखे आहे.

पायी फिरण्यात काय मिळाले, ते आता सांगतो, कारण खरी कमाई तिथेच झाली. जहाजाची सहल सर्वांसाठी असते. तिच्यात चर्च, चौक, फोटो आणि मग एखादे ठरलेले दुकान. कापडवाल्याला काय पाहायचे आहे, हे तिला माहीत नसते. आम्ही ठरवले की प्रत्येक बंदरात आपल्या धंद्याची एक तरी गोष्ट शोधायची.

मार्सेयमध्ये जुन्या बंदराच्या मागच्या गल्ल्यांत छापील सुती मेजपोशांची दुकाने आहेत. त्यावर आपली कोयरी आहे, बुट्टी आहे. तिथे त्या कापडाला इंडियेन म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. सतराव्या शतकात आपली छीट या बंदरातून फ्रान्समध्ये शिरली. तुरटी लावून रंग पक्का करण्याची कला आपल्या रंगाऱ्यांकडे होती. धुतले तरी रंग जात नाही, हे पाहून तिकडच्या बायका त्या कापडावर तुटून पडल्या. तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी इतकी ओरड केली की 1686 मध्ये फ्रान्सच्या सरकारने छिटेवर बंदी घातली. ती 1759 पर्यंत टिकली. त्र्याहत्तर वर्षे! तरीही कापड चोरून येतच राहिले. बाहेरच्या स्वस्त मालावर बंदीची मागणी आपल्याकडेही अधूनमधून होते. त्या मंडळींनी हा इतिहास पाहावा. बंदी उठली तोवर तिकडचे कारागीर ती छपाई स्वतः शिकले होते. बार्सिलोनातही अठराव्या शतकात छापील सुती कापडाचे कारखाने निघाले. त्या कापडाचे नाव तिथेही आपल्याच मुलखावरून, इंदियानास.

जिनोआ हे जीन्सचे गाव. फ्रेंच लोक जिनोआला जेन म्हणतात, त्यावरून जीन्स हा शब्द आला असे मानतात. आणि डेनिम हा शब्द मार्सेयपासून फार दूर नसलेल्या नीम या गावावरून. आम्ही रोज ज्या थानावर बोट ठेवून "डेनिम आहे, टिकाऊ आहे" असे सांगतो, त्याचे घर असे अचानक भेटले. सान लोरेंझो चर्चजवळच्या संग्रहालयात निळीने रंगवलेले सोळाव्या शतकातील जवसाच्या धाग्याचे मोठे पडदे आहेत. त्यावर पांढऱ्या रंगाने चित्रे काढली आहेत. चित्रे त्यांच्या धर्माची आहेत, पण आमची नजर त्या निळ्या रंगावर होती. पाचशे वर्षांनीही नीळ बोलते.

याच गावात बायका पूर्वी डोक्यावरून एक मोठी छापील चादर घेत, तिचे नाव मेझ्झारो. हा शब्द अरबी 'मिझर'वरून आला, म्हणजे आपल्या 'इजार'चाच भाऊबंद. त्यावरची झाडाची नक्षी हिंदुस्थानी पलंगपोशाची. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हे कळायला कोणी गाइड लागत नाही. आमच्या भाभींनी तर चित्र पाहताच सांगितले, "ही तर आपली पलंगावरची चादर आहे, यांनी डोक्यावर घेतली."

पालेर्मोला राजवाड्यातील छोटे चर्च पाहिले. बाराव्या शतकात राजा रॉजर दुसरा याने ते बांधले. राजा ख्रिस्ती, पण लाकडी छताची नक्षी मुसलमान कारागिरांची आणि तिच्यात कूफी अक्षरे. अक्षरे ओळखीची वाटली, वाचता मात्र येईनात. याच राजाच्या महालात कापडाचा कारखाना होता. अशा शाही कारखान्याला आणि त्यातील कापडाला अरबीत तिराज म्हणत. तिथे 528 हिजरीत, म्हणजे 1133-34 मध्ये, राजासाठी लाल रेशमावर सोन्याच्या तारांनी आणि मोत्यांनी एक अंगरखावजा झूल भरली गेली. तिच्या काठावर अरबीत कारखान्याचे गाव आणि हिजरी साल लिहिलेले आहे. आज ती व्हिएन्नाच्या शाही खजिन्यात आहे. नऊशे वर्षे झाली, राज्ये गेली, पण माल कुठे आणि कधी तयार झाला हे कापडच सांगते. आपल्याकडे आजचा शिक्का उद्या धुण्यात जातो.

खाण्यापिण्याची अडचण आम्हांला वाटली होती तेवढी आली नाही. जहाजावर मासे आणि भाज्या होत्या. मार्सेयमध्ये नोआय नावाच्या भागात उत्तर आफ्रिकेच्या लोकांची दुकाने आहेत, तिथे हलाल जेवण सहज मिळाले. ठरलेल्या सहलीत बस तिथे थांबली नसती.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, धक्का गावापासून किती दूर आहे हे आधी विचारा. दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर पायी फिरा. तासाभराचा प्रवास असेल तर परतीचे दोन मार्ग हाताशी ठेवा, नाहीतर जहाजाची सहल घ्या.

दुसरी गोष्ट, जहाजावर परतण्याची जी वेळ असेल तिच्या दोन तास आधी बंदराच्या गावात हजर असा. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा.

तिसरी गोष्ट, आठ माणसे असाल तर तिथल्या खाजगी गाडीवाल्याकडे चौकशी करा. एका गाडीचे भाडे आठ जणांत वाटले की बहुधा जहाजाच्या सहलीपेक्षा कमी पडते. पण पैसे देण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: वाऱ्यामुळे जहाज धक्क्याला लागलेच नाही तर पैसे परत मिळणार का? मार्सेयकडे मिस्त्राल नावाचा जोरदार वारा सुटतो, तेव्हा असे घडू शकते.

चौथी गोष्ट, औषधे नेहमी अंगाबरोबर ठेवा, खोलीत नव्हे. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला तर त्याची प्रत खिशात असू द्या आणि त्या बंदरातील जहाजाच्या एजंटाचा नंबर लिहून घ्या.

पाचवी गोष्ट, शेंगेन व्हिसाची फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. तुमच्या मार्गात ट्युनिससारखे शेंगेनबाहेरचे बंदर असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा, नाहीतर परतताना अडकाल.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परत आल्यावर आम्हांला स्वतःचीच शरम वाटली. तिकडे आम्ही दलालाचा हिशेब काढत होतो. पण आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याचे आपण काय करतो? मुंबईत बॅलार्ड पियरला परदेशी जहाजे लागतात. नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर 2025 मध्ये झाले. त्या धक्क्यापासून मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट दोनेक किलोमीटरवर आहेत. सुती, रेशमी, छापील, सारा हिंदुस्थान त्या गल्ल्यांत ठाणांनी रचलेला आहे. आम्ही तीस वर्षे तिथे माल भरतो. पण हातात नकाशा घेऊन कापड पाहायला आलेला जहाजाचा प्रवासी आम्हांला तिथे क्वचितच दिसला. त्याची बस ठरलेल्या ठिकाणी जाते आणि ठरलेल्या दुकानात थांबते.

आमच्या मराठवाड्यातही तेच. 2004 पासून डेक्कन ओडिसी गाडीचे पाहुणे वेरूळ-अजिंठ्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, येतात. हिमरू तिथलाच. सुती ताण्यावर रेशमाचा बाणा, किनखापाची आठवण देणारे कापड. ते हातमागावर विणणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पाहुण्याला मात्र गाइड ज्या दुकानात नेतो तिथे यंत्रमागाची शाल हिमरू म्हणून दाखवली जाते. गाइडला कमिशन मिळते, दुकानदाराला नफा मिळतो, आणि विणकराला त्या पाहुण्याचे तोंडही दिसत नाही. अशा कमिशनवर आपल्यातील काही व्यापाऱ्यांची दुकाने चालतात, हे कबूल केले पाहिजे. मापात घट करणे आणि मालाचे खोटे नाव सांगणे, या दोन्हीत आम्हांला फार फरक दिसत नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. मुंबईच्या कापड बाजारातील व्यापाऱ्यांनी जहाजाच्या प्रवाशांसाठी दोन-तीन तासांची पायी फेरी सुरू करावी. भाव लिहिलेला असावा, कमिशन नसावे आणि माल कुठे विणला हे चिठ्ठीवर असावे. मराठवाड्यातील व्यापाऱ्यांनी हिमरूच्या विणकराचे घर पाहुण्याला दाखवावे, त्याच्या मागावरचा माल त्याच्या नावाने विकावा. याला सरकारी योजना लागत नाही. चार प्रामाणिक दुकानदार, इंग्रजी बोलणारी दोन मुले आणि एक नकाशा एवढे पुरते.

आम्ही आणि आमच्या दोन मित्रांनी ठरवले आहे की पुढच्या वेळी माल भरायला मुंबईला गेलो की बाजारातील ओळखीच्या पेढ्यांपुढे हा विषय काढायचा. वडील भाऊही येतो म्हणतात. फक्त त्यांची एक अट आहे. या वेळी परतीच्या गाडीची चौकशी ते स्वतः करणार आहेत.